मूर्ती खांद्यावर घेणार कोण?

ऑगस्ट महिना लागला की अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड या भागात गल्लोगल्ली दिव्यांच्या कमानी उभ्या राहतात. शनिवार-रविवारी बँड वाजू लागतो, सॉसेज आणि मिरच्या भाजल्याचा वास सुटतो आणि अरुंद रस्त्यांतून एखाद्या संताची किंवा मेरीमातेची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. मूर्तीला बांधलेल्या लांब फितींना लोक डॉलरच्या नोटा टाचून लावतात. घराघरापुढे मूर्ती थांबते, वरच्या खिडक्यांतून रंगीत कागदाचे कपटे उधळले जातात. मच्छीमारांच्या उत्सवात तर एका लहान मुलीला देवदूताचा वेश चढवून, कमरेला दोर बांधून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावर तरंगत आणतात. खाली उभ्या असलेल्या मूर्तीला ती इटालियन भाषेत वंदन करते. श्वास रोखून पाहणाऱ्या गर्दीत कित्येक आजीबाईंच्या डोळ्यांना पदर नसला तरी रुमाल हमखास लागतो.

हे सारे पाहणाऱ्या पर्यटकाला वाटते की आपण इटलीतील एखाद्या खेड्यातच येऊन पडलो. पण उत्सव आटोपल्यावर मूर्ती वाहणाऱ्यांपैकी बरेचजण आपापल्या मोटारीत बसतात आणि उपनगरातील घरी परततात. ज्या गल्लीत त्यांचे आजी-आजोबा राहिले, त्या गल्लीत घर घेणे आज त्यांनाच परवडत नाही. शंभर वर्षे आग, अपघात, अपमान आणि सरकारी नकाशे यांना पुरून उरलेली ही वस्ती आता स्वतःच्याच लोकप्रियतेला तोंड देत आहे. ती टिकणार का, हा प्रश्न समजून घ्यायचा तर ती उभी कशी राहिली ते आधी पाहावे लागेल.

घंटेच्या आवाजाइतके गाव

नॉर्थ एंड म्हणजे एका चौरस मैलाच्या जेमतेम तिसऱ्या भागाएवढी, समुद्राला लागून असलेली जागा. बोस्टनमधील सर्वांत जुनी वस्ती ती हीच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात घोडदौड करून इंग्रज सैन्याच्या हालचालीची खबर पोहोचवणारा चांदीचा कारागीर पॉल रिव्हीर येथेच राहत होता. १७२३ साली बांधकाम सुरू झालेल्या ज्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यावर १८ एप्रिल १७७५च्या रात्री खुणेचे कंदील लावले गेले, ते चर्चही येथेच आहे.

पुढे श्रीमंत मंडळी येथून उठून गेली आणि वस्ती गरिबांची झाली. १८४०च्या दशकात दुष्काळाने पळवून लावलेले आयरिश लोक आले. त्यांच्यामागून पूर्व युरोपातील ज्यू आले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची आई रोझ हिचा जन्म १८९० साली याच वस्तीतला. तिचा बाप्तिस्मा झाला तो येथल्या सेंट स्टीफन चर्चमध्ये आणि १९९५ मध्ये तिला शेवटचा निरोप दिला गेला तोही त्याच चर्चमधून.

इटालियन लोकांपैकी प्रथम आले ते १८६०च्या दशकात जेनोआकडचे मूठभर कुटुंबीय. खरा ओघ सुरू झाला तो १८८० नंतर. दक्षिण इटलीतील कॅम्पानिया, आब्रुत्सो आणि सिसिली या भागांतून माणसे बोटी भरभरून येऊ लागली. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. जमीन मूठभर जमीनदारांच्या हातात, कर जबर आणि पोटाला पुरेसे नाही, अशी त्यांच्या गावची स्थिती होती.

गंमत अशी की बोटीतून उतरणारा हा माणूस स्वतःला 'इटालियन' म्हणवतच नसे. इटलीचे राज्यच मुळी १८६१ साली स्थापन झालेले. बोली वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. माणसाची निष्ठा असायची ती आपल्या गावच्या चर्चच्या घंटाघराशी. त्या घंटेचा आवाज जिथवर पोहोचतो तेवढेच आपले जग. या वृत्तीला इटालियन भाषेत 'कॅम्पानिलिस्मो' असा शब्दच आहे. त्यामुळे नॉर्थ एंडमध्येही गल्ल्या गावागावांनी वाटून घेतल्या. सिसिलीचे मच्छीमार समुद्राजवळच्या नॉर्थ स्ट्रीटवर एकवटले, आव्हेल्लिनो प्रांतातील लोक दुसऱ्या गल्लीत.

प्रत्येक गावच्या मंडळींनी आपापले मंडळ काढले. दरमहा थोडी वर्गणी भरायची. घरचा कर्ता आजारी पडला तर मंडळाकडून मदत मिळायची आणि मरण आले तर अंत्यसंस्काराचा खर्च निघायचा. ना विमा, ना सरकारी आधार, अशा काळात ही मंडळेच त्यांची पतपेढी आणि त्यांचे माहेर होती. या मंडळांनीच आपल्या गावच्या देवाचा उत्सव समुद्रापार आणला. सिसिलीतील शाक्का या बंदरातील मच्छीमारांनी १९१०च्या सुमारास मेरीमातेचा उत्सव सुरू केला. माँतेफाल्चोने या गावच्या लोकांनी १९१९ मध्ये सेंट अँथनीचा उत्सव मांडला. हे दोन्ही उत्सव आजही चालू आहेत. सेंट अँथनीची मुख्य मिरवणूक दुपारी निघते ती रात्र पडल्यावर परतते, कारण वाटेतले एकही घर वगळायचे नाही, असा दंडक आहे.

मुकादम, माड्या आणि द्राक्षे

नव्याने आलेल्या माणसाला काम मिळायचे ते 'पाद्रोने'च्या मार्फत. पाद्रोने म्हणजे आपल्याकडचा मुकादमच. बोटीच्या तिकिटापुरती उचल द्यायची, रस्ते-रेल्वे-गटारांच्या कामावर माणसे पाठवायची आणि मजुरीतून आपला हिस्सा कापून घ्यायचा. भाषा येत नाही, वाचता येत नाही, त्यामुळे हिशेब तो सांगेल तोच.

राहण्याची जागा म्हणजे चार-पाच मजली विटांच्या चाळी. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यात भर म्हणून पैसे देऊन राहणारा गावचा एखादा एकटा पुरुष. न्हाणीघर नव्हतेच. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने नॉर्थ बेनेट स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह बांधले. त्या इमारतीत पुढे वस्तीचे समाजकेंद्र आले. १९२०च्या दशकात या इवल्याशा जागेत चाळीस हजारांच्या आसपास माणसे राहत होती आणि ती जवळजवळ सगळी इटालियन होती.

पण याच तळघरांतून शरद ऋतूत द्राक्षांच्या पेट्या उतरत आणि घरचा वाइन तयार होई. खिडकीतल्या डब्यात तुळशीची भावंड शोभणारी 'बाझिलिको' डोलत असे. गच्चीवर टोमॅटोचा रस उन्हात आटवला जाई. रविवारी सकाळपासून मंद आचेवर रटरटणारा टोमॅटो-मांसाचा रस्सा आणि दुपारी आजोबा-पणजीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांची एक पंगत, हा नेम सहसा चुकायचा नाही. जी गल्ली बाहेरच्यांना गलिच्छ वाटे, त्या गल्लीत कोणाचे मूल कोणाचे हे प्रत्येक खिडकीला ठाऊक असे.

ही खिडकीतली आई पुढे साऱ्या अमेरिकेला ठाऊक झाली. १९१२ मध्ये प्रिन्स स्ट्रीटवर तीन सिसिलियन स्थलांतरितांनी शेवया-मॅकरोनीचा कारखाना काढला होता. त्या 'प्रिन्स' कंपनीने १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर एक जाहिरात आणली. आई खिडकीतून "अँथनी!" अशी हाक मारते आणि एक पोरगा नॉर्थ एंडच्या गल्ल्यांतून धावत घरी जेवायला येतो, एवढीच ती गोष्ट. जाहिरातीतला मुलगा अँथनी मार्टिन्येटी खरोखरच याच वस्तीतला होता. ही जाहिरात अनेक वर्षे चालली. २०२० साली त्याचे निधन झाले तेव्हा बोस्टनच्या वर्तमानपत्रांनी घरचे माणूस गेल्यासारखी बातमी दिली.

मळीची लाट

साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या वाचकांना मळी काय असते हे सांगायला नको. ती माणसे मारू शकते, हे मात्र कोणाला खरे वाटणार नाही. नॉर्थ एंडमध्ये हे घडले आहे.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी औद्योगिक अल्कोहोलला मोठी मागणी होती आणि ते मळीपासून काढले जाई. १९१५ मध्ये एका कंपनीने नॉर्थ एंडच्या किनाऱ्यावर, कमर्शियल स्ट्रीटला लागून, मळी साठवण्यासाठी पोलादी टाकी उभारली. उंची ५० फूट, व्यास ९० फूट. काम घाईत उरकले गेले. देखरेख ज्या अधिकाऱ्याकडे होती त्याला बांधकामाचे नकाशेही वाचता येत नव्हते. टाकीची नीट चाचणी झाली नाही. ती पहिल्यापासून गळत होती. शेजारची पोरे डबे घेऊन गळणारी मळी गोळा करत. कंपनीने उपाय केला तो असा, की टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे गळती दिसू नये!

तक्रार करणार कोण? आसपास राहणारे बहुतेक इटालियन. त्यांतील अनेकांकडे नागरिकत्व नव्हते, म्हणजे मतही नव्हते.

१५ जानेवारी १९१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास टाकी फुटली. २३ लाख गॅलन मळी सुमारे २५ फूट उंचीची लाट होऊन ताशी ३५ मैल वेगाने रस्त्यावर घुसली. घरे पायापासून उखडली गेली, उन्नत रेल्वेचे खांब वाकले. २१ माणसे दगावली, सुमारे दीडशे जखमी झाली. मेलेल्यांत दहा-दहा वर्षांची दोन मुले होती, टाकीजवळ सरपणाची लाकडे वेचायला आलेली. घोडे चिकटून तडफडत राहिले. कित्येक दिवस पंपाने समुद्राचे पाणी मारून रस्ते धुवावे लागले.

कंपनीने काय सांगितले? इटालियन अराजकवाद्यांनी बाँब ठेवला! त्या काळी बाँबस्फोट घडत होते, म्हणून लोकांना हे पटण्याजोगे होते. पण पीडितांनी कंपनीला न्यायालयात खेचले. वर्षानुवर्षे साक्षी झाल्या आणि १९२५ मध्ये न्यायालयाने नेमलेले लेखापरीक्षक ह्यू ऑग्डन यांनी निर्वाळा दिला की बाँब नव्हता, टाकीच कमकुवत होती. कंपनीला सहा लाखांहून अधिक डॉलर भरपाई द्यावी लागली. निराधार समजल्या गेलेल्या लोकांनी एका बड्या कंपनीकडून उत्तर वसूल केले, ही या दुर्घटनेतली मोठी कमाई.

त्या जागी आता बाग आणि खेळाचे मैदान आहे. तेथे म्हातारे पुरुष 'बॉची' हा गोळे टाकण्याचा खेळ खेळतात. एका बाजूला दुर्घटनेची आठवण सांगणारा लहानसा फलक आहे.

पावसातील अंत्ययात्रा

त्याच काळातली दुसरी जखम अधिक खोल होती. निकोला साको आणि बार्तोलोमिओ वान्झेट्टी हे दोन इटालियन कामगार. एक चांभारकाम करणारा, दुसरा मासे विकणारा, दोघेही अराजकवादी विचारांचे. १९२० मध्ये एका दरोडा-खुनाच्या आरोपावरून त्यांना पकडण्यात आले. खटल्यात पुराव्यापेक्षा त्यांच्या जन्मभूमीवर आणि मतांवरच अधिक बोट ठेवले गेले, असा आरोप जगभरातून झाला. बचाव समितीचे कार्यालय नॉर्थ एंडमधल्या हॅनोव्हर स्ट्रीटवर होते. तरीही २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला.

त्यांचे पार्थिव याच वस्तीतील लँगोन यांच्या अंत्यविधीगृहात ठेवले होते. दर्शनाला हजारोंची रीघ लागली. २८ ऑगस्टला भर पावसात निघालेली अंत्ययात्रा बोस्टनने पाहिलेल्या मोठ्या अंत्ययात्रांपैकी एक ठरली. पन्नास वर्षांनी, १९७७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी जाहीरनामा काढून या दोघांवरचा खटला न्याय्य नव्हता हे मान्य केले. ते निर्दोष होते की नाही यावर इतिहासकारांत अजूनही वाद आहे. पण न्याय झाला नाही, यावर आता फारसा वाद नाही.

त्यातच १९२४ च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्यांची संख्या वर्षाला चार हजारांच्याही आत आणली. पुढे डिसेंबर १९४१ मध्ये महायुद्धामुळे अमेरिकेतील नागरिकत्व नसलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांवर 'शत्रुदेशीय' असा शिक्का बसला. मुलगा अमेरिकी सैन्यात लढतो आहे आणि आईला सरकारकडे नोंद करावी लागते, अशी वेळ अनेक घरांवर आली. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये तो शिक्का काढला गेला, पण इटालियन बोलायची भीती मात्र अनेक घरांत तशीच राहिली. पुढच्या पिढीची मातृभाषा सुटली त्याला हेही एक कारण झाले.

शनिवारच्या मुली

या वस्तीच्या इतिहासात पुरुषांची नावे पुढे येतात, पण मुलींचीही एक सुंदर हकीकत आहे. १८९९ मध्ये ग्रंथपाल एडिथ गेरियर यांनी नॉर्थ एंडमधल्या स्थलांतरित मुलींसाठी वाचनमंडळ सुरू केले. मुली ज्यू आणि इटालियन घरांतल्या. बऱ्याचजणी चौदाव्या-पंधराव्या वर्षी कामाला जुंपलेल्या. मोठ्या मुली शनिवारी संध्याकाळी जमत, म्हणून त्यांचे नावच पडले 'सॅटरडे ईव्हनिंग गर्ल्स'. पुस्तके, नाटके, संगीत, व्याख्याने सुरू झाली. स्वतःचे नियतकालिकही त्यांनी चालवले.

नुसत्या वाचनाने पोट भरत नाही हे ओळखून १९०८ च्या सुमारास मातीची भांडी बनवण्याचा व्यवसाय सुरू झाला. हेलन स्टॉरो या श्रीमंत बाईंनी भांडवल पुरवले. ओल्ड नॉर्थ चर्चच्या जवळच कारखाना होता, म्हणून त्याला पॉल रिव्हीरचे नाव दिले. वाट्या, बशा, कप यांवर कोंबड्या, ससे, फुले रंगवत मुली काम करीत. हवेशीर खोली, मर्यादित तास आणि रास्त मजुरी, ही त्या काळच्या कारखान्यांत दुर्मीळ गोष्ट होती. काम चालू असताना कोणीतरी मोठ्याने पुस्तक वाचून दाखवी. १९४२ मध्ये हा व्यवसाय बंद पडला. आता त्या भांड्यांना संग्रहालयांत जागा आहे.

शेजारचे गाव पुसले गेले

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील नगररचनाकारांनी जुन्या वस्त्यांवर नजर रोखली. नॉर्थ एंडच्या अगदी शेजारी वेस्ट एंड नावाची अशीच वस्ती होती. तीत इटालियन, ज्यू, पोलिश अशी मिश्र कुटुंबे राहत. नगरपालिकेने तिला 'गलिच्छ वस्ती' ठरवले. १९५८ पासून ती पाडायला सुरुवात झाली. सुमारे २,७०० कुटुंबांची पांगापांग झाली आणि त्या जागी श्रीमंतांसाठी उंच इमारती उभ्या राहिल्या.

पाडण्यापूर्वी समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स तेथे काही महिने राहिले होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द अर्बन व्हिलेजर्स' या ग्रंथाने दाखवून दिले की ज्याला अधिकारी उकिरडा समजत होते ते शहरातले एक नांदते खेडे होते. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी विस्थापितांशी बोलून १९६३ मध्ये लिहिले की घर गमावलेल्या या लोकांचे दुःख जवळचे माणूस गेल्याच्या दुःखासारखे होते आणि कित्येकांत ते दोन-दोन वर्षे ओसरले नव्हते.

मग नॉर्थ एंड वाचला कसा? बँका येथेही कर्ज द्यायला तयार नव्हत्या. पण लोकांनी बँकांची वाट पाहिली नाही. गवंडी, सुतार, प्लंबर, वीजकाम करणारे सगळे गल्लीतच होते. तू माझी भिंत दुरुस्त कर, मी तुझे नळ बसवतो, अशा देवाणघेवाणीतून एकेक चाळ सुधारली गेली. दोन खोल्यांची भिंत पाडून एक मोठे घर झाले, न्हाणीघर आले, स्वयंपाकघर आले. प्रसिद्ध लेखिका जेन जेकब्स यांनी महायुद्धाच्या सुमारास ही वस्ती पाहिली होती. १९५९ मध्ये पुन्हा पाहिली तेव्हा त्या थक्क झाल्या. त्यांच्या १९६१ सालच्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी नॉर्थ एंडचेच उदाहरण देऊन विचारले की कागदावर गलिच्छ ठरलेल्या या वस्तीत बालमृत्यू आणि गुन्ह्यांचे प्रमाण शहरात सर्वांत कमी असणाऱ्यांत कसे? त्यांचे उत्तर साधे होते. रस्त्यावर सदैव माणसे आणि खिडक्यांत सदैव डोळे असतात, म्हणून.

वस्तीत सगळे सज्जनच होते असे मात्र नाही. माफिया टोळीचा म्होरक्या जेनारो अँजिउलो याचा अड्डा प्रिन्स स्ट्रीटवरच होता. १९८१ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने तेथे गुप्त ध्वनियंत्रे बसवली, १९८३ मध्ये त्याला अटक झाली आणि १९८६ मध्ये तो दोषी ठरला. चित्रपटांनी मात्र या मूठभरांचे कर्म सगळ्या समाजाच्या कपाळी मारले. बेकरीत पहाटे दोनला भट्टी पेटवणाऱ्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

डोक्यावरचा रस्ता

वेस्ट एंड पाडला जात असतानाच नॉर्थ एंडच्या दाराशी उंच खांबांवरचा महामार्ग उभा राहत होता. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या या हिरव्या पोलादी रस्त्याने वस्तीला उरलेल्या शहरापासून तोडले. त्याच्या मार्गात आलेली सुमारे वीस हजार माणसे घराबाहेर पडली. पुलाखालून अंधारातून चालत गेल्यावरच नॉर्थ एंड लागे. पण या भिंतीने एक अजब काम केले. धंदेवाईक बांधकामवाले तिच्यापलीकडे फारसे फिरकले नाहीत आणि वस्तीचे गावपण आत शाबूत राहिले.

पुढे बोस्टनने तो महामार्गच जमिनीखाली नेला. सुमारे १५ अब्ज डॉलर खर्चून खोदलेल्या बोगद्यातून २००३ मध्ये वाहतूक सुरू झाली, पूल उतरवला गेला आणि २००८ मध्ये त्या जागी लांबच लांब बाग खुली झाली. या बागेला नाव मिळाले ते नॉर्थ एंडच्याच लेकीचे, रोझ केनेडी हिचे. अंधार गेला, ऊन आले. आणि उन्हाबरोबर घरांचे भावही वर चढले.

चव विकली जाते, घर परवडत नाही

आज या वस्तीत दहा हजारांच्या आसपास लोक राहतात. त्यात इटालियन वंशाचे आता बहुसंख्य नाहीत. बँकांत आणि रुग्णालयांत काम करणारे तरुण-तरुणी, विद्यार्थी, एकेकट्याने राहणारे भाडेकरू यांची संख्या वाढली आहे. आजीने आयुष्यभर पै पै साठवून घेतलेली चाळ नातवंडांनी विकली तर त्यांना एवढा पैसा मिळतो की न विकणे वेडेपणाचे वाटावे. त्यांना दोष देता येत नाही. उपनगरात अंगण मिळते, मोटार ठेवायला जागा मिळते, मुलांना खोली मिळते. आजोबांनी मुकादमाची नोकरी सोसली ती नातवाने चाळीतच राहावे म्हणून नव्हे.

उरले काय? उपाहारगृहे उरली, नव्हे वाढली. या चिमुकल्या जागेत ती शंभराच्या आसपास आहेत. १९२६ पासूनचा रेजिना पिझ्झेरिया, १९३२ पासून कॉफीचे दाणे आणि मसाले सुटे विकणारे पोल्कारी यांचे दुकान, 'कान्नोली' या क्रीम भरलेल्या नळीच्या मिठाईसाठी रांगा लागतात ती मिठाईची दुकाने. पण खाटीक, मासळीवाला, चपला शिवणारा ही रोजच्या संसाराची दुकाने एकेक करून मिटत गेली.

येथेच खरा पेच आहे. करोनाच्या काळात शहराने उपाहारगृहांना रस्त्यावर टेबले मांडू दिली. त्यातून गल्ल्या गजबजल्या, पण रहिवाशांना गाडी लावायला जागा उरली नाही, कचरा आणि उंदीर वाढले. २०२२ मध्ये शहराने केवळ नॉर्थ एंडच्या मालकांकडून टेबलांसाठी ७,५०० डॉलर शुल्क मागितले आणि २०२३ मध्ये तेथे रस्त्यावरची टेबले बंदच केली. मालक म्हणाले, हा आमच्यावर अन्याय आहे, आणि ते न्यायालयात गेले. अनेक रहिवासी म्हणाले, आम्हालाही झोप लागते. दोन्ही बाजूंना इटालियन आडनावे होती. वस्ती म्हणजे राहण्याची जागा की बघण्याची, हा वाद आता घरातलाच झाला आहे.

वारशाच्या दुसऱ्या प्रश्नावरही असाच वाद झाला. समुद्रकाठच्या बागेत १९७९ पासून कोलंबसचा पुतळा होता. जून २०२० मध्ये कोणीतरी त्याचे शिर तोडले आणि शहराने पुतळा हलवला. २०२१ पासून बोस्टनने ऑक्टोबरमधला कोलंबसचा दिवस मूळ निवासींच्या नावाने साजरा करायचे ठरवले. कोलंबसच्या आगमनानंतर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर काय ओढवले हे नाकारता येत नाही. पण ज्या समाजाला एकेकाळी दारातच हिणवले गेले, त्याने 'आम्हीही इथलेच' हे सांगायला तो पुतळा जवळ केला होता, हेही खरे. वस्तीतील तरुणांपैकी काहीजण आता म्हणतात की आपल्या आजी-आजोबांची आठवण ठेवायला कोलंबस कशाला हवा? मळीत बुडालेली मुले, भांडी रंगवणाऱ्या मुली, वर्गणीवर एकमेकांची तिरडी उचलणारे मजूर यांची आठवण पुरेशी आहे.

आणि तरीही मिरवणुका निघतात. २०२० मध्ये करोनामुळे शहराने उन्हाळ्यातल्या साऱ्या जत्रा-मिरवणुका रद्द केल्या, पण नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या. मंडळांच्या सभा होतात, वर्गण्या गोळा होतात, उपनगरांतून नातवंडे येतात आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आयरिश, पोलिश, चिनी वंशाच्या बायका आणि नवरेही येतात. उत्सवाच्या खांदेकऱ्यांत आता अशी मुले दिसतात, ज्यांना इटालियन भाषेचे चार शब्दच येतात, पण मूर्ती कोणत्या घरापुढे किती वेळ थांबवायची हे पाठ असते. दुसरीकडे, वस्तीत नव्याने राहायला आलेली बिगरइटालियन कुटुंबेही आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन मूर्ती पाहायला उभी राहतात. १७१३ पासून चालू असलेल्या येथल्या एलियट शाळेत आता त्यांची मुले शिकतात.

वारसा रक्तातून आपोआप उतरत नाही. कोणीतरी वर्गणी गोळा करावी लागते, कोणीतरी दिव्यांच्या माळा चढवाव्या लागतात, कोणीतरी थकलेल्या खांद्याखाली आपला खांदा द्यावा लागतो. नॉर्थ एंडच्या पहिल्या पिढीने हे गरिबीत केले. आता समृद्धीत ते करणे जास्त अवघड ठरते आहे. ज्या वस्तीने बँकेविना घरे बांधली आणि नकाशावरचे 'गलिच्छ' हे लेबल पुसून काढले, तिला एवढेच ठरवायचे आहे की येत्या ऑगस्टमध्ये शेजारी नव्याने राहायला आलेल्या परक्या मुलाच्या हातीही दांडी द्यायची की नाही. ती दिली, तर मूर्ती जमिनीवर टेकणार नाही.